दोनदा आलेला आकडा

देवमन तायडे अकोला स्टेशनवर उतरला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि ऊन तेवढ्यातच अंगावर धावून येत होतं. एका हातात वळकटी आणि दुसऱ्या हातात सुतळीनं करकचून बांधलेलं कागदांचं बाड. बाड चांगलं वीतभर जाड होतं. हमालानं ते उचलून पाहिलं आणि लगेच खाली ठेवलं.

"काय हाये बावा यात? इटा भरल्या काय?"

"कागद हायेत," देवमन म्हणाला.

"कोर्टाचे?"

देवमननं मान हलवली. हो म्हणायचं की नाही, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. रात्रभर डब्यात उभ्याउभ्याच डुलक्या काढल्या होत्या. बोलायचा कंटाळा आला होता.

१९६८ सालचा मे महिना. बापाला पुन्हा लकवा मारल्याची तार शालूनं केली होती. शालू ही त्याची धाकटी बहीण, म्युनिसिपालटीच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. जठारपेठेत ती आणि त्यांचे वडील बुधाजी दोन खोल्यांत राहत. घरमालक अब्दुल सत्तार पत्र्याच्या पेट्या बनवायचे. त्यांचं दुकान पुढं, खोल्या मागं. त्या आळीत तायड्यांना खोली द्यायला आधी तिघांनी नकार दिला होता. सत्तारभाईंनी फक्त एवढंच विचारलं होतं, "पेटी ठोकने की आवाज चलेगी ना?"

बुधाजी मूळचे बार्शीटाकळीकडचे. तरुणपणी अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये लागले आणि तिथंच तीस वर्षं यंत्रांच्या पट्ट्यांना तेल घालत राहिले. छप्पन साली नागपूरला जाऊन आले. आल्यावर घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवलं आणि म्हणाले, "आता शिकाचं. दुसरं काई नाई." देवमन तेव्हा अमरावतीच्या कॉलेजात होता, वसतिगृहात राहून गणित शिकत होता. आई पंचफुला एकोणसाठ साली गेली. देवमन नागपूरहून एम. एस्सी. झाला आणि बासष्ट साली मुंबईला एका संशोधन संस्थेत लागला. त्या संस्थेत एक कॉम्प्युटर आला होता. अकोल्यात हा शब्द सांगितला की लोकांना कंपाउंडर ऐकू यायचं. सत्तारभाईंनी तर एकदा त्याला गुडघेदुखीवर औषध विचारलं होतं.

ती मशीन एका मोठ्या हॉलभर पसरलेली होती. बाहेरून आणली तेव्हा ती एका वेळी एकाचंच काम करायची. एकाचं होईपर्यंत बाकीचे आपापल्या प्रोग्रामच्या भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन बाहेर बाकावर बसून राहत. मग संस्थेतल्या पाच जणांनी ठरवलं की मशीनच्या पोटात एकाच वेळी पाच-सहा प्रोग्राम राहू द्यायचे. एक टेपची वाट पाहत थांबला की दुसऱ्याला पुढं सरकवायचं. त्यासाठी सगळ्यांवर देखरेख करणारा एक मुख्य प्रोग्राम लिहायला घेतला. मशीनच्या मेमरीतली कोणती जागा कोणाला द्यायची, त्याचं काम झाल्यावर ती परत कशी घ्यायची, हा जागावाटपाचा भाग देवमनकडे आला. दोन वर्षं त्यानं तेच केलं.

आणि फेब्रुवारीपासून मशीन मरू लागली.

मरायची म्हणजे चालता चालता जागच्या जागी गप्प. पाचही प्रोग्राम गेले, तासन्‌तासांची कामं पाण्यात. कधी आठ दिवस काही नाही, कधी एका दिवसात दोनदा. तीच कार्डं, त्याच टेपा पुन्हा लावल्या की सगळं सुरळीत. जो आजार बोलावल्यावर येत नाही त्याला धरायचं कसं? मशीन मेली की तिच्या पोटातला शब्द न् शब्द कागदावर छापून घ्यायचा आणि माणसं त्यावर माना घालून बसायची. मेली त्या जागेपाशी दर वेळी काहीतरी वेगळंच मोडलेलं दिसे. मात्र मोडतोड मेमरीतली, एवढं सगळ्यांना दिसत होतं. विभागप्रमुख दर सोमवारी एकच वाक्य बोलायचे, "तायडे, तुमचा भाग पुन्हा एकदा पाहून घ्या." कँटीनमध्ये मागच्या टेबलावर कोणीतरी शिष्यवृत्तीवर शिकलेल्यांबद्दल काहीतरी म्हणालं. देवमननं ते ऐकलं आणि जेवण संपवलं. तीन महिन्यांत त्यानं आपला भाग अकरा वेळा ओळ न् ओळ तपासला होता. चूक सापडली नव्हती आणि झोपही उडाली होती.

तार आली त्याच दुपारी मशीन पुन्हा मेली होती. ऑपरेटरनं या वेळी लगेच बटण दाबून सगळं छापून घेतलं. ते ताजं बाड आणि प्रोग्रामची प्रत देवमननं सुतळीत बांधली आणि गाडी धरली.

शालूनं दार उघडलं. तिची नजर आधी बाडावर गेली, मग भावाच्या तोंडावर.

"हे काय आनलं?"

"काम हाये थोडं."

"थोडं?" ती बाजूला झाली. "ये. बाबा जागे हायेत."

बुधाजी खाटेवर उताणे पडले होते. उजवं अंग गेलं होतं, तोंड वाकडं झालं होतं. मुलाला पाहून त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. काहीतरी बोलले ते देवमनला कळलं नाही.

"जेवला का, विचारून राहिले," शालूनं सांगितलं.

पहिले चार दिवस देवमननं बाड सोडलंच नाही. बापाला उठवणं, पुसून काढणं, भांडं देणं, चमच्यानं पेज भरवणं हे सगळं तो शिकला, पण हात रिकामे झाले की खाटेजवळ सतरंजी टाकून कागद उलगडून बसायचा. लांबच लांब जोडकागद, दोन्ही कडांना भोकं, आणि वरपासून खालपर्यंत नुसते आकडे. पंख्याच्या वाऱ्यानं कागद फडफडत, म्हणून त्यावर शालूचा वरवंटा, कंदील, बुधाजींचे जोडे असं काय काय ठेवलेलं. सत्तारभाई दुपारी डोकावून गेले.

"देवमनभाऊ, इसमें पढने का क्या है? सब तो गिनती है!"

"हेच लफडं हाये, सत्तारभाई. गिनतीत कुठंतरी गडबड हाये."

"अल्ला रहम करे," असं म्हणत ते गेले. त्या दिवसापासून दुपारी पेट्या ठोकणं त्यांनी बंद ठेवलं. बुधाजींना झोप लागावी म्हणून की देवमनला वाचता यावं म्हणून, ते त्यांनी सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी शालू शाळेतून आली. निकालाचं काम होतं, त्यामुळं उशीर झाला होता. बुधाजींचं अंथरूण ओलं होतं आणि देवमन कागदात.

तिनं पिशवी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. तिचा आवाज तसाही कधी चढत नसे.

"दादा, एक सांग मले. तू बापाले पाहाले आला का कागदाले?"

देवमन धडपडत उठला. दोघांनी मिळून चादर बदलली. बुधाजी भिंतीकडे तोंड करून पडले.

"मले कळलंच नाई," तो म्हणाला.

"तुले कळणार कसं?" शालू चादर पिळत होती. "दोन वर्षं झाले, पहिला झटका आला तवापासून मी एकटी करून राहिली. उन्हाळ्यात अमरावतीले ट्रेनिंगचा वर्ग राहते, सहा आठवड्यांचा. तो झाल्याबिगर नोकरी पक्की होत नाई. मागच्या साली नाव आलं होतं, नाई गेली. त्याच्या मागच्या साली बी नाई गेली. औंदा वीस तारखेले सुरू होते. तुले तार केली ते कावून केली असं वाटते तुले?"

देवमननं पाहिलं, बहिणीच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. अठ्ठावीस वर्षांची होती ती.

"माझी रजा सतरापर्यंतच हाये," तो म्हणाला.

"ठाऊक हाये मले," शालू म्हणाली आणि चूल पेटवायला गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी बुधाजींना भरवून झालं. देवमन बाड उघडायला धजत नव्हता, नुसता त्याच्याकडं पाहत बसला होता. शालू पदराला हात पुसत आली आणि सतरंजीवर बसली.

"काय पाहाचं असते यात, सांग. दोघं मिळून केलं त लवकर होईन."

"तुले नाई समजणार ते."

"चौथीच्या पोरांले भागाकार शिकवतो आमी. सांगून त पाह्य."

देवमननं मग सांगितलं, आणि सांगता सांगता त्यालाच जरा बरं वाटलं. मशीनमध्ये ज्या जागा रिकाम्या असतात त्यांची एक साखळी असते. प्रत्येक रिकाम्या जागेच्या तोंडाशी पुढच्या रिकाम्या जागेचा नंबर लिहिलेला. तो नंबर कागदात शोधायचा, तिथं पुढचा नंबर मिळतो, मग तो शोधायचा. शेवटच्या जागेत शून्य. कोणी जागा मागितली की साखळीतली पहिली काढून द्यायची; परत आली की पुन्हा सुरुवातीला जोडायची. साखळीचे पहिले पन्नास-साठ दुवे त्यानं मुंबईत दर वेळी तपासले होते. ते नेहमी ठीक निघायचे. त्यापुढं डोळे टिकत नसत, आणि मशीन तर भलत्याच ठिकाणी मोडलेली दिसे, म्हणून सगळे तिकडंच पाहत.

"आज शेवटापर्यंत जाऊ," शालू म्हणाली. "तू शोध, मी मोठ्यानं वाचून लिहून घेते."

वहीत पहिला आकडा पडला. उन्हानं पत्रे तडतडत होते. देवमन कागद उलटायचा, बोट ठेवायचा, शालू वाचायची आणि लिहायची. तासाभरानं तिनं विचारलं, "यात आठ न् नऊ कावून नाई?"

"या मशीनले आम्ही सातपर्यंतच मोजू देतो. सातानंतर दहा."

"माह्या पोरानं असं केलं त कान पिरगाळते मी," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी देवमन हसला.

बुधाजी खाटेवरून बघत होते. मध्येच डावा हात उचलून ते काहीतरी बोलले. शालूनं कान दिला.

"तेल दे म्हणतात. मशीन अडकली त पट्ट्याले तेल दे."

"तेलानं नाई होत, बाबा," देवमन म्हणाला. बुधाजींना ते पटलं नाही. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं.

एकशे सदतिसावा दुवा लिहिताना शालूचा हात थांबला.

"तीन सात चार दोन शून्य," तिनं पुन्हा वाचलं. "दादा, हा आकडा आपण लिहिला हाये."

"नसन. सारखेच दिसतात सगळे."

"मी मास्तरीण हाये. नक्कल केलेली वही मले दुरून दिसते." तिनं दोन पानं मागं उलटली आणि बोट ठेवलं. एकशे बाराव्या ओळीला तोच आकडा होता. तीन सात चार दोन शून्य.

देवमननं पुढचा दुवा काढला. तोही एकशे तेराव्या ओळीशी जुळला. पुढचाही. साखळी पुढं जातच नव्हती. ती मागं वळून स्वतःलाच येऊन मिळाली होती आणि गोल गोल फिरत होती.

त्यानं कागदावरचं बोट उचललं.

"काय झालं?"

"एकच जागा दोघांनी परत केली," तो म्हणाला. "म्हणजे ती दोघांले दिली गेली होती. एकाच वेळी."

मग पुढचे तीन दिवस एकच प्रश्न होता. एक जागा दोघांना जाऊ कशी शकते? जागा देताना दोन पावलं टाकायची असत. आधी साखळीतली पहिली जागा कोणती ते पाहायचं, मग ती काढून दुसरीला पहिली करायचं. या दोन पावलांच्या मध्ये टेपयंत्रानं हाक मारली, तर मशीन हातातलं काम तसंच टाकून टेपेकडं धावणार. टेपेलाही जागा लागते. ती तीच पहिली जागा उचलणार. मशीन परत येणार आणि आपण मघाशी पाहिलेली जागाच देऊन टाकणार. हा धोका देवमनला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. म्हणून जागा देण्याचं काम सुरू होताना तो कडी लावायचा, म्हणजे कोणाची हाक ऐकायचीच नाही, आणि काम संपलं की कडी काढायचा. अकरा वेळा त्यानं तपासलं होतं. कडी लागत होती. कडी निघत होती.

आता मात्र त्यानं कागदावर बोट ठेवून मशीनसारखं चालायचं ठरवलं. एकही ओळ ठाऊक आहे म्हणून सोडायची नाही. एका बाजूला बापाला कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, पुन्हा येऊन बोट होतं तिथून पुढं. शाळेचं काम संपलं की शालू समोर बसायची. कडी लागली की ती खडूनं जमिनीवर फुली मारायची, निघाली की पुसायची.

बुधवारी दुपारी ते एका कोपऱ्यातल्या ओळीशी आले. मागितलेली जागा मोठी असेल आणि साखळीत तेवढा एकही तुकडा नसेल, तर शेजारशेजारचे छोटे तुकडे जोडून घ्यायचे. ही झाडझूड करणारा वेगळा भाग होता. बोट तिकडं गेलं. त्या भागाच्या सुरुवातीला कडी लावण्याची ओळ. शालूनं फुली मारली.

"अगोदरच हाये की फुली," ती म्हणाली.

बोट पुढं सरकलं. तुकडे जोडून झाले. त्या भागाच्या शेवटी कडी काढण्याची ओळ होती. कडी एकच होती, म्हणून शालूनं दोन्ही फुल्या पुसल्या.

"आता परत जागा द्यायच्या कामाकडे," देवमन म्हणाला, आणि त्याचं बोट थांबलं. जागा देण्याचं काम अजून अर्धं बाकी होतं, आणि जमिनीवर फुली नव्हती.

झाडझूड त्यानं दोन वर्षांपूर्वी लिहिली होती. तेव्हा ती एकटीच चालायची. कडी लावून यायची, काढून जायची. आपल्याला कोणीतरी कडी लावलेल्या खोलीतून बोलावलंय, हे तिला कळायचा मार्ग नव्हता. आणि तिला तिथून बोलावण्याची ओळ जानेवारीत पडली होती. एका धरणाचा हिशेब करणाऱ्या इंजिनियरला मोठी जागा मिळत नव्हती म्हणून. तीही देवमननंच लिहिली होती. एका दुपारात काम केलं म्हणून विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. मेमरी भरत आली असेल, मोठी जागा मागितली जाईल आणि नेमकी त्या दोन पावलांच्या मधल्या क्षणी टेप हाक मारेल, तेव्हाच मशीन मरणार. म्हणून ती बोलावून मरत नव्हती.

आनंद व्हायला हवा होता. देवमन भिंतीला टेकला. तीन महिने ज्याच्यावर संशय होता तोच दोषी निघाला होता, आणि तो स्वतः देवमन होता.

"सापडलं?" शालूनं विचारलं.

"सापडलं. माहीच चूक हाये."

"मंग सांगून टाक त्याईले."

गुरुवारी सकाळी तो तारघरात गेला. मुंबईचा ट्रंककॉल लागायला साडेतीन तास गेले. लाकडी बाकावर त्याला दोनदा झोप लागली. शेवटी विभागप्रमुखांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. देवमननं इंग्रजीतून, एकेक शब्द तोडून सांगितलं: झाडझूड करणाऱ्या भागानं शेवटी कडी सरसकट काढायची नाही, आत येताना ती जशी होती तशी ठेवून बाहेर पडायचं. पलीकडून एकदा "काय?" आलं, एकदा नुसती घरघर. मग कागदाची सळसळ. ते लिहून घेत होते.

"जानेवारीतली ओळ तुमचीच ना?" त्यांनी विचारलं.

"माझी. दोन्ही माझ्या."

"बरं. तुम्ही येईपर्यंत आम्ही लावून पाहतो."

"सर, मी सतराला येत नाही," देवमन म्हणाला. आधी ठरवून तो हे बोलला नव्हता. "दोन महिने बिनपगारी रजा पाहिजे. अर्ज पाठवतो."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं, पण तेवढ्यात तीन मिनिटं संपली आणि लाइन तुटली.

घरी येऊन त्यानं शालूला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ताटावरून तिनं मान वर केली नाही.

"मशीनचं काय मंग?"

"ते पाहून घेतीन."

"बाबांले उजव्या कुशीवर जास्त वेळ नाई ठेवाचं," थोड्या वेळानं ती म्हणाली. "आणि पेज पातळ कराची. घट्ट झाली की ठसका लागते."

वीस तारखेला ती अमरावतीला गेली. सत्तारभाईंनी तिला एक लहान पेटी दिली आणि त्यांची बायको आमिना स्टेशनवर पोचवायला गेली. देवमन घरी राहिला, कारण बुधाजींना एकटं सोडता येत नव्हतं.

जूनच्या शेवटी मुंबईहून पत्र आलं. दुरुस्ती लावल्यापासून मशीन एकदाही मेलेली नव्हती, चाळीस दिवस होत आले. एका परिषदेत या कामावर निबंध वाचायचा ठरला होता. तो दुसरा एक जण वाचणार होता आणि त्यात देवमनचंही नाव होतं. देवमननं पत्र बापाला वाचून दाखवलं.

"झा... झालं?" बुधाजींनी विचारलं. एवढं त्यांना आता बोलता येत होतं.

"झालं असं वाटते, बाबा. मेली नाई इतलंच सांगता येते. आता कधीच नाई मरणार, असं कोणी नाई सांगू शकत."

बुधाजींनी डोळे मिटले. त्यांना समजलं असावं.

शालूचा वर्ग पुरा झाला, नोकरी पक्की झाली. देवमन जुलैच्या मध्याला मुंबईला परतला. हॉलमध्ये मशीन चालू होती, आणि त्याच्या टेबलावर नव्या कामाची फाइल पडली होती. कँटीनमधल्या मागच्या टेबलावरचे लोक एकदा त्याच्याशेजारी येऊन बसले, त्यांनी मीठ मागितलं, त्यानं दिलं. बुधाजी पुढच्या हिवाळ्यात गेले. एकोणसत्तरच्या जूनमध्ये देवमननं राजीनामा दिला आणि अमरावतीच्या एका कॉलेजात गणित शिकवायला लागला. विभागप्रमुखांनी कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, थकलो. त्यांना ते कारण पुरेसं वाटलं नाही, पण त्याच्याजवळ दुसरं नव्हतं.